एका डी३ चं प्रकरण: अँटीचेसमध्ये काळ्यानं अंगावर जायचं म्हणजे काय करायचं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आठ दिवस राहायला आला होता. वय बारा, आणि दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बटुमीला महिला वर्ल्ड कप मारला तेव्हापासून (नागपूरची ना ती, घरातल्या सगळ्यांना एकदम आपलीच पोरगी वाटायला लागली) याच्या डोक्यात बुद्धिबळ जे शिरलंय ते निघायचं नाव घेत नाही. साध्या बुद्धिबळात तो मला वीसेक चालींत गुंडाळतो, म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं चल उलटं खेळू, अँटीचेस, त्यात तुझं ओपनिंगचं पाठांतर काही कामाचं नाही. लबाडी होती थोडी, मान्य आहे. मी ते मोबाइलवर लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर दोन वर्षं अधूनमधून खेळतोय आणि त्याला नियमसुद्धा धड माहीत नव्हते.

नियम पटकन सांगतो, ज्यांना माहीत आहेत त्यांनी हा पॅरा सोडा. आपली सगळी मोहरी ज्याची आधी संपतील तो जिंकला. खाता येत असेल तर खायलाच लागतं, नाही म्हणायची सोय नाही, फक्त दोन-तीन ठिकाणी खाता येत असेल तर कुठलं खायचं ते आपण ठरवायचं. राजा म्हणजे कुणी खास नाही, शह नाही, मात नाही, कॅसलिंग नाही, राजा इतरांसारखाच खाल्ला जातो आणि प्याद्याचा शेवटी राजासुद्धा करता येतो. आणि ज्याला हलायलाच जागा उरली नाही तोही जिंकला. (फिक्स नावाच्या जुन्या ऑनलाइन सर्व्हरवर सुसाइड चेस नावानं खेळायचे तिथं हा शेवटचा नियम वेगळा होता, पण आम्ही लीचेसचाच धरला.)

भाचा नियम ऐकून म्हणाला, मामा हे तर पंगतीसारखं झालं, आजी वाढते तसं. बरोबर आहे त्याचं. पानात पडलेलं टाकायचं नाही, आणि समोरचा जिलबी घेऊन उभाच. अँटीचेसमधला काळा म्हणजे तो वाढपी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता प्रकरण. त्यानं पांढरा घेतला आणि पहिली चाल खेळला डी३. वजिरापुढचं प्यादं एक घर. (अक्षर म्हणजे उभी ओळ, ए ते एच, आणि आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूनं मोजलेली आडवी ओळ.) पुढचे चार दिवस तो हेच खेळला. का, तर त्याच्या मते ही सगळ्यात सभ्य चाल आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कुठलं प्यादं मारायला पुढं जात नाही, आपण हळूहळू बघू. साध्या बुद्धिबळात ते खरंही आहे. इथं मात्र डी३ खेळलं की सी१ वरच्या उंटाचा रस्ता उघडतो, एच६ पर्यंत सरळ, आणि या खेळात रस्ता उघडणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून झोपणं. आत कोण येईल ही भीती नाही हो, आपला माणूस बाहेर जाईल ही भीती!

आमच्या पटात पांढऱ्याचा तोच उंट हरवलेला आहे. त्याच्या जागी कफ सिरपच्या बाटलीचं झाकण ठेवतो. त्यामुळं पुढं मी झाकण म्हणालो तर समजून घ्या.

मी खेळलो जी५. राजाच्या बाजूचं घोड्यापुढचं प्यादं दोन घरं, थेट झाकणाच्या तोंडात. भाच्याला खायलाच लागलं, दुसरी चालच नाही. झाकण जी५ वर. आता मला खायला काही नाही म्हणजे चाल माझी मोकळी, मी एफ८ चा उंट जी७ ला काढला. आता बघा, झाकण जी५ वरून एफ६ ओलांडून ई७ च्या प्याद्यावर नेम धरून बसलंय, आणि त्याला संपूर्ण पटावर तेवढंच खाता येतं. खाल्लं.

इथं मला खायचे चार पर्याय होते. वजिरानं, राजानं, जी८ च्या घोड्यानं, तिघांनाही ई७ वर खाता येतं, आणि चौथा पर्याय म्हणजे जी७ चा उंट लांब तिरका जाऊन बी२ चं प्यादं खातो. चौथाच बरोबर आहे हे मला पाठ होतं, कारण हे ओपनिंग अँटीचेस खेळणाऱ्या कुणालाही कुठंतरी एकदा खाऊन झालेलं असतं. मी बी२ खाल्लं. झाकणानं डी८ वरचा माझा वजीर खाल्ला, तेही सक्तीनंच.

आतापर्यंत सगळं पाठ. आणि इथं मी चुकलो.

चौथी चाल, माझ्यापुढं दोन पर्याय. एक, राजानं डी८ वरचं झाकण मारायचं. दोन, बी२ वरच्या उंटानं ए१ चा हत्ती खायचा. मला वाटलं की अरे माझा वजीर गेला हे चांगलंच झालं (या खेळात मधल्या डावात वजीर म्हणजे गळ्यातली धोंड, कुठूनही कुणीही त्याला खायला लावतं), आता ते झाकण एकदाचं उडवू आणि हत्ती नंतर खाऊच, तो कुठं पळतोय. राजानं खाल्लं. साध्या बुद्धिबळात डोळे मिटून हीच चाल खेळतो आपण, वजिराचा बदला, हात आपोआप जातो तिकडं.

भाच्यानं दोन मिनिटं पट बघितला. त्याला पहिल्यांदाच मोकळी चाल मिळाली होती, खायची सक्ती नाही, तीन चाली नुसता ओढला जात होता तो आणि आता एकदम दोर सुटला. त्यानं काय केलं तर आपला वजीर डी१ वरून सी१ ला ठेवला, माझ्या उंटाच्या अगदी शेजारी. मला खायलाच लागलं, वजीर नाहीतर हत्ती. वजीर खाल्ला. लगेच त्यानं बी१ चा घोडा डी२ वर आणून ठेवला. परत सक्ती, सी१ वरून डी२ खाल्ला. मग त्यानं राजानं माझा उंट उडवला.

म्हणजे तीन चालींत पोरानं वजीर आणि घोडा माझ्या घशात कोंबला आणि मला एकुलत्या एक सक्रिय उंटापासून मुक्तही केलं, पण ती मुक्ती मला नको होती ना. मोजलं तर दोघांकडे बारा-बारा मोहरी. बरोबरी म्हणा. पण त्याच्याकडे वजीर नाही आणि माझा डाव अर्धवट, राजा डी८ वर बाहेर आलेला. पुढं मी हरलो, कसा हरलो त्यात फार काही शिकण्यासारखं नाही, एका हत्तीनं मला पाच-सहा मोहरी खायला लावली आणि शेवटी माझ्याकडे चार उरली, त्याच्याकडे शून्य.

मामा, तुम्ही म्हणालात माझं पाठांतर कामाचं नाही, असं म्हणून तो चकली खायला गेला. वाईट वाटलं. बाराव्या वर्षी आम्ही मामाला उलट बोलत नव्हतो.

रात्री पट परत मांडला. प्रश्न साधा होता, की चौथ्या चालीपर्यंत सगळं माझ्या हातात होतं आणि एका चालीत सगळं त्याच्या हातात कसं गेलं? मोहरी मोजून उत्तर मिळत नव्हतं. मग मी मोहरी सोडून त्याच्याकडे दर चालीला किती पर्याय होते ते मोजलं, आणि तिथं ट्यूब पेटली.

डी३ खेळल्यानंतर पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीला एकच पर्याय, जी५ खा. तिसरीला एकच, ई७ खा. चौथीला एकच, डी८ खा. आणि मी चौथ्या चालीला राजानं न खाता ए१ चा हत्ती खाल्ला असता तर पाचवीलाही एकच, सी७ चं प्यादं खा. स्वतः मांडून बघा, पटावर कुठंही दुसरं काही खाता येत नाही त्याला. म्हणजे डी३ खेळल्यावर पुढच्या चार चाली पांढरा खेळतच नाहीये, मी त्याच्या हातानं खेळतोय. तो माणूस समोर बसलाय, विचार करतोय, दाढी खाजवतोय (भाच्याला दाढी नाही, पण समजा), आणि त्याला निवडायला काही नाही.

अंगावर जाणं म्हणजे हे. मला दोन वर्षं वाटत होतं की अँटीचेसमध्ये आक्रमक खेळायचं म्हणजे भराभर मोहरी फेकायची, जितकी जास्त दिली तितका पुढं. तसं नाही. फेकलेलं मोहरं खाऊन त्याचा खाणारा कुठं बसतो आणि तिथून त्याला पुढचा घास दिसतो का, हे महत्त्वाचं. झाकण जी५ वर बसलं की ई७ दिसतं, ई७ वर बसलं की डी८ दिसतं, डी८ वर बसलं की सी७ दिसतं. एका घासातून दुसरा. जिलबी वाढतानाच मठ्ठ्याचं भांडं हातात तयार. आणि या सगळ्यात माझा उंट त्याच्या घरात शिरून बी२, ए१ असं दोनच खातो, तेही अशा कोपऱ्यात की तिथं त्याला कुणी मारू शकत नाही.

आणि खाणाऱ्याला मारायचं नाही! ही माझी चूक. राजानं झाकण उडवलं तेव्हा मी त्याच्या सक्तीचं कारणच पटावरून काढून टाकलं. आचाऱ्यालाच घरी पाठवलं आणि पंगत बसलेली. परत मागं जाऊन बघितलं तर प्रत्येक वळणावर हाच प्रश्न आहे. तिसऱ्या चालीला चार पर्याय, त्यातले तीन खाणाऱ्याला मारणारे, एक त्याला जिवंत ठेवणारा. चौथ्या चालीला दोन, एक मारणारा एक ठेवणारा. मला तिसरीचं उत्तर पाठ होतं, का ते माहीत नव्हतं, म्हणून चौथीला घसरलो. पाठांतरात हेच होतं, जिथं पान संपतं तिथं आपण साध्या बुद्धिबळातले होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच पट. तो डी३. मी मनात म्हटलं ये रे बाबा. जी५, झाकणानं खाल्लं, उंट जी७, झाकणानं ई७, माझा उंट बी२, झाकणानं वजीर, आणि आता हात राजाकडे जात होता तो मी दुसऱ्या हातानं धरला अक्षरशः, उंटानं हत्ती खाल्ला. त्यानं सी७ खाल्लं. त्याच्याकडे चौदा, माझ्याकडे बारा.

आता इथं माझी चाल मोकळी आहे आणि मोकळी चाल म्हणजे मजा असं वाटतं, पण मला काल रात्री कळलं होतं की या डावात मोकळी चाल हीच खरी परीक्षा. झाकण सी७ वरून बी८ च्या घोड्यावर नेम धरून बसलेलंच आहे, म्हणजे पुढचा घास तयार आहे. मी काहीही निरुपद्रवी खेळलो तर तो घोडा खाईल, मग मला ए८ च्या हत्तीनं झाकण मारायलाच लागेल, कारण खायला दुसरं काहीच नसेल. परत खाणारा मेला, परत तो मोकळा. म्हणजे मला अशी चाल हवी की त्यानं घोडा खाल्ला तरी मला खायला दुसरं काहीतरी असेल.

म्हणून उंट ए१ वरून सी३. इथून डी२ चं रिकामं घर ओलांडून ई१ वरचा राजा दिसतो. (डी२ रिकामं का, तर तेच सभ्य डी३.) आता डाव सुरू झाल्यापासून पहिल्यांदा भाच्याला दोन पर्याय होते, घोड्यानं माझा उंट खा किंवा झाकणानं माझा घोडा खा. तो विचार करत बसला आणि मी चहा गार होऊ दिला. त्याचा हात झाकणाकडे गेला. पाच चालींत चारवेळा झाकणानंच खाल्लं होतं, सवय लागते. बी८ खाल्लं.

माझ्याकडे हत्तीनं झाकण मारायचं किंवा उंटानं राजा खायचा. राजा खाल्ला. त्याच्याकडे परत दोन, वजिरानं ई१ वरचा माझा उंट किंवा झाकणानं ए७ चं प्यादं. आणि इथं त्यानं झाकणानं ए७ खाल्लं, जी त्याची मोठी चूक. कारण वजिरानं खाल्लं असतं तर माझा उंट गेला असता आणि मग मला हत्तीनं बी८ वरचं झाकण मारायलाच लागलं असतं, पर्याय नाही. म्हणजे खाणाऱ्याला मारायचं नाही हा माझा नियम तो माझ्याकडूनच मोडून घेऊ शकत होता! हे त्याला त्या दिवशी दिसलं नाही, दोन दिवसांनी दिसलं, तेव्हा त्यानं मला नीट धुतलं. नियम करून ठेवला की समोरच्याला तो कुठं दुमडायचा ते कळतं.

पण त्या दिवशी ए७. मी परत हत्तीनं झाकण न मारता उंटानं एफ२ चं प्यादं खाल्लं. आता बघा, ए७ वरून एफ२ पर्यंत तिरकी ओळ सगळी रिकामी, झाकणाला माझा उंट खायलाच लागला, पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला परत आपल्या घरी. आणि ते ए७ वरून उठल्याबरोबर माझ्या ए८ च्या हत्तीला अख्खी ए ओळ मोकळी, ए२ चं प्यादं दिसलं. खायलाच लागलं मला, एकच पर्याय होता, पण यावेळी सक्ती माझ्या सोयीची.

झाकणाचा प्रवास संपला. सी१, जी५, ई७, डी८, सी७, बी८, ए७, एफ२. कफ सिरपच्या झाकणानं माझी सात मोहरी खाल्ली, पाच मिनिटांत.

आता नववी चाल, भाच्याला मोकळी. माझा हत्ती ए२ वर, सी२ च्या प्याद्यावर नेम धरून बसलेला. त्यानं जी३ केलं, उगाच, पुढं प्यादं सरकवून बघू म्हणून. मला सी२ खायलाच लागलं, त्याला वजिरानं माझा हत्ती खायलाच लागला, आणि आता खाणारा बदलला: झाकणाच्या जागी वजीर. सी२ वरून सी८ पर्यंत सगळी ओळ उघडी, माझा दुसरा उंट त्याच्या तोंडात. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, नवव्या चालीपर्यंत मी फक्त पुढची सक्ती बघत होतो. पण दिसल्यावर ओळखलं. वजिरासारखा खाणारा नाही, तो आठ दिशांना खातो, एकदा सुटला की त्याचं पोट भरत नाही. मी एच५ असं लांबचं प्यादं हलवलं, मुद्दाम जिथं काहीच बिघडत नाही तिथं. वजिरानं सी८ खाल्लं. माझा राजा ई८ वर, दोन घरं लांब, त्याला वजिरापर्यंत पोचता येत नाही, आणि एच८ चा हत्ती जी८ च्या घोड्यामागं अडकलेला, म्हणजे कुणीही चुकूनसुद्धा वजिराला मारू शकत नाही. वजिराला मात्र बी७, डी७ आणि राजा तिन्ही दिसतायत. त्याच्याकडे दहा, माझ्याकडे सात.

त्यानंतरच्या चाली लिहून ठेवल्या नाहीत, चहा आला. पण वजीर मोकाट सुटला तो सुटलाच, आणि तेविसाव्या चालीला माझं शेवटचं प्यादं गेलं. भाचा पट बघत म्हणाला, मी एकदाही माझ्या मनानं खेळलो नाही ना? दोनदा खेळला होतास, म्हटलं, सहावीला आणि सातवीला. जी३ सुद्धा, असं त्यानं दुरुस्त केलं. खरंय.

ज्यांना नोटेशन हवं त्यांच्यासाठी, उंट म्हणजे उंट, फुली म्हणजे खाणं: १. डी३ जी५ २. उंट×जी५ उंट जी७ ३. उंट×ई७ उंट×बी२ ४. उंट×डी८ उंट×ए१ ५. उंट×सी७ उंट सी३ ६. उंट×बी८ उंट×ई१ ७. उंट×ए७ उंट×एफ२ ८. उंट×एफ२ हत्ती×ए२ ९. जी३ हत्ती×सी२ १०. वजीर×सी२ एच५ ११. वजीर×सी८. आणि पहिल्या दिवशीचा हरलेला: ४...राजा×डी८ ५. वजीर सी१ उंट×सी१ ६. घोडा डी२ उंट×डी२ ७. राजा×डी२.

यातल्या पहिल्या पाच चाली ओपनिंगच्या, बाकी सगळं आमचं दोघांचं घरगुती, सहाव्या चालीला त्यानं घोड्यानं सी३ खाल्लं असतं तर डाव वेगळ्याच रस्त्याला लागला असता, झाकण सी७ वर जिवंत आणि बी८ चा घास तसाच, पण माझा उंट गेलेला. ते आम्ही नंतर खेळून बघितलं, एकदा मी जिंकलो एकदा तो.

मात्र डी३ ही मुळातच हरणारी चाल आहे हे आमचं घरगुती मत नाही. अँटीचेसमध्ये पांढऱ्याच्या डी३, डी४ आणि ई४ या तिन्ही चाली काळा हरवतो हे बरंच आधीपासून माहीत आहे. ज्या चाली साध्या बुद्धिबळात पहिल्या धड्यात शिकवतात, मध्यभाग धरा, उंटाला वाट द्या, त्याच इथं गळफास. ई४ ला उत्तर बी५, त्यातही एफ१ च्या उंटाला खायलाच लागतं. डी४ ला ई५, आणि पांढऱ्या प्याद्यानं ते खाल्लं की लगेच वजीर जी५ ला, पोटात घ्या म्हणून. तिन्हींत काळ्याचा स्वभाव एकच, पहिल्या चालीलाच पानात काहीतरी वाढायचं.

हे मी भाच्याला सांगितलं ही माझी दुसरी चूक. कारण त्यानं विचारलं, मग पांढऱ्यानं खेळायचं काय? आणि याचं उत्तर आहे, फार थोड्या खेळांमध्ये असं पक्कं उत्तर असतं. मार्क वॉटकिन्स नावाच्या गणितज्ञानं ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केलं की ई३ खेळून पांढरा जिंकतो, काळ्यानं काहीही केलं तरी, कॉम्प्युटरवर सगळ्या उत्तरांची झाडं पूर्ण सोडवून. ई३, म्हणजे डी३ च्या शेजारचं प्यादं, तसंच एक घर. एका प्याद्याचा फरक. डी३ हरते आणि ई३ जिंकते. याची गंमत मला अजून पूर्ण पचलेली नाही, कारण ई३ सुद्धा उंटाला वाट देतेच, एफ१ वरून ए६ पर्यंत, आणि काळा तिथंही तोच प्रयोग करू शकतो, बी५. फक्त ई३ नं वजिरालाही दुसरीकडून वाट मिळते, डी१ वरून एच५ कडे, म्हणजे पांढऱ्यालाही पानात वाढायला काहीतरी हातात असतं.

अर्थात हे झालं कॉम्प्युटरचं, त्याच्या विजयाच्या वाटा माणसाला पाठ होण्यासारख्या नाहीत, निदान माझ्यासारख्याला तर नाहीच, आणि बारा वर्षांच्या पोरालाही नसतील असं मला वाटत होतं.

भाचा भाऊबीज करून गेला. झाकणही घेऊन गेला, लकी आहे म्हणे, आता पटात त्या जागी शर्टचं बटण आहे. मोबाइलवर आमचा डाव चालू आहे, चालीला दोन दिवसांची मुदत. पांढरा तो. ई३. मी बी५, स्वभावाला औषध नाही. उंटानं खाल्लं, मी उंट बी७, त्यानं डी७ खाल्लं, माझ्याकडे परत तेच चार पर्याय होते, वजीर, राजा, घोडा, तिघंही मारणारे, आणि चौथा उंटानं जी२. जी२ खाल्लं. त्यानं ई८ वरचा माझा राजा खाल्ला. सगळं आरशात बघितल्यासारखं.

आत्ता माझी चाल आहे, काल सकाळपासून. तीन पर्याय दिसतायत. वजिरानं ई८ वरचा त्याचा उंट मारता येतो, तो मी मारणार नाही, एवढं शिकलो. उंटानं एच१ चा हत्ती खाता येतो, ही सवयीची. आणि तिसरा, डी७ चं प्यादं गेल्यामुळं माझ्या वजिराला डी२ पर्यंत सरळ रस्ता उघडलाय, वजीर थेट त्याच्या घरात चार मोहऱ्यांच्या तोंडी देता येतो. सकाळी त्याचा मेसेज आला, मामा झोपलात का. अजून सतरा तास आहेत.